कडू भोपळ्याची सोयरीक

आमच्या चुलत सासऱ्यांनी जेवढी लग्नं लावली तेवढी उमरगा तालुक्यातल्या एकाही भटजीनं लावली नसतील, आणि त्यातलं माणसाचं एकही नव्हतं. सगळी भोपळ्यांची. दिवेलागणीला दुध्याची पांढरी फुलं उमलायला लागली की हे धुतलेलं धोतर नेसून परड्यात हजर. फुलाखाली बोटभर भोपळा दिसला की ती नवरी, नुसत्या दांड्यावरचा तो नवरदेव. भलत्याच पाखरानं मध्ये घुसू नये म्हणून नवरीच्या कळीला आधीच दोरा बांधून ठेवलेला असायचा. तो सोडायचा, नवरदेवाची पिवळी भुकटी हळदीसारखी तिला लावायची, पुन्हा दोरा बांधायचा आणि वर चार अक्षता. तांदूळ अर्थातच माझ्या डब्यातले. चुलत असले तरी मी त्यांना मामंजीच म्हणायची. "मामंजी, सणाला ठेवलेला तांदूळ वेलावर काय उधळता?" असं विचारलं की म्हणायचे, "बिनअक्षतेचं लगीन कुठं असतंय का, सूनबाई?" त्या अंधुक उजेडात पांढरी फुलं नि पांढरं धोतर एवढंच दिसायचं, आणि मीही हातातलं काम विसरून बघत राहायची.

निजामाचा अंमल होता तेव्हा. माणसं पारावर बसून राज्य राहणार की जाणार याचं बोलायची, आणि मामंजी काकडीच्या भावकीचं. काकडी, कारलं, दोडका, टरबूज ही सगळी त्यांच्या लेखी एका कुळीची; नवरा-नवरीची फुलं वेगळी आणि फळ फुलाच्या खाली, ही घराण्याची खूण. एकदा कसल्याशा कामानं तहसीलदारसाहेबांच्या बंगल्यावर गेले, तर तिथं कुंडीत तिरक्या पानांचं, गुलाबी फुलांचं एक झाड. मामंजी काम विसरून त्याच्यासमोर उकिडवे बसले. साहेब म्हणाले, "बडे मियाँ, ये विलायती पौधा है." मामंजी म्हणाले, "असू द्या की साहेब. विलायतेला गेलं म्हणून भावकी तुटती व्हय? हे आमच्या भोपळ्याच्या घरचंच हाय." साहेब हसून हसून बेजार. गावानं तर महिनाभर त्यांना 'विलायती भोपळा' म्हणून हैराण केलं. त्या झाडाला बेगोनिया म्हणतात आणि भोपळ्याशी त्याचं लांबचं नातं खरंच आहे, असं परवा माझा नातू म्हणाला. तो कॉलेजात हेच शिकतो. ऐकायला मामंजी हवे होते.

हे कुळीचं वेड आलं कुठून, ते मला सासरच्या पहिल्याच पंगतीत कळलं. सगळे ओळीनं बसले आणि मामंजी मात्र हातभर बाजूला, भिंतीकडेला. मामंजींची आई माझ्या आजेसासऱ्यांची लग्नाची बायको नव्हती. अशा लेकराला आमच्याकडं 'कडू' म्हणायचे, तोंडावर म्हणायचे. त्यामुळं त्यांना कुणी मुलगी दिली नाही. माझे सासरे म्हणजे त्यांचे सावत्र थोरले भाऊ. एका रानात दोघं राबायचे, पण जेवताना ओळ वेगळी. सासऱ्यांनी त्यांना कधी नावानं हाक मारली नाही, नुसतं "ए". मला भयंकर राग यायचा, पण नवी सून बोलते कुणाला.

एके वर्षी मामंजींनी नदीकाठचा कडू भोपळा आणला, पोरं पोहायला पाठीवर बांधतात तो. परड्यात त्याचा वेल वाढवला आणि गोड दुध्याशी त्याचं लग्न लावलं. त्या लग्नाच्या भोपळ्याच्या बिया पुढच्या साली लावल्या तर जो भोपळा लागला तो कडूजहर. मी न चाखता भाजी केली आणि सगळं घर चूळ भरायला बाहेर पळालं. सासरे अंगणातून मोठ्यानं म्हणाले, "कडवाच्या पोटी कडूच येणार." सगळ्यांनी ऐकलं. संध्याकाळी मामंजी त्याच कडवट वेलांची आपसात लग्नं लावायला निघाले, तेव्हा तांदूळ मीच नेऊन दिले.

त्या लग्नांच्या बियांचे वेल पुढच्या साली चढले. मामंजी प्रत्येक वेलाचा भोपळा कापायचे, फोड जिभेवर ठेवायचे, तोंड वाकडं करून थुंकायचे. पोट बिघडून आडवे पडले तरी वेड जाईना. आणि एका सकाळी, एका वेलाशी थुंकायचंच थांबले. फोड घेऊन तसेच सासऱ्यांपुढं आले. "दादा, ह्याची आई कडू, बाप बी कडू. चाखून बघा."

सासऱ्यांनी फोड तोंडात टाकली, बराच वेळ चावली. "गोड हाय," म्हणाले.

"पयल्यापासून व्हतं दादा त्याच्यात गोड. नुसतं दडून बसलं व्हतं." एवढं बोलून मामंजी परड्यात निघून गेले.

दुपारी सासरे मला म्हणाले, "त्याचं ताट माझ्याशेजारी मांड." मी मांडलं. मामंजी आले, बघितलं, आणि ताट उचलून सवयीनं हातभर लांब जाऊन बसले.

"जवळ सरक," सासरे म्हणाले.

"असू द्या दादा. हितंच सोय वाटती."

सासरे उठले, आपला पाट ओढत मामंजींच्या मांडीला मांडी लागेपर्यंत नेला आणि जेवायला बसले. पंगत तिथं वाकडी झाली. ते दोघं होते तोवर ती तशीच राहिली. आता दोघंही नाहीत. ताटं मांडताना माझ्या हातून आजही ओळ सरळ येत नाही. सुनेला वाटतं, म्हातारीला दिसेनासं झालंय. वाटू दे.