कोरडा बंब

मी निघाले त्या दुपारी अण्णा दुकानातून तसेच उठून आले होते, हात कोपरापर्यंत काळे. मुंबईच्या विमानतळावर नेणारी जीप दारात उभी, आई दशम्यांचा डबा कुठल्या बॅगेत कोंबावा या विवंचनेत, आणि अण्णा, माझे वडील, जीपवाल्याला विचारत होते, तुमच्या घरी पाणी कशावर तापवता? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संभाजीनगरात गुलमंडीपलीकडच्या गल्लीत त्यांचं बंबांचं दुकान होतं. नवे घडवायचे, जुन्यांचे सुटलेले सांधे झाळून द्यायचे. शाळेत माझं नावच 'बंबवाल्याची' पडलं होतं. नमस्काराला वाकले तेव्हा त्यांनी हात पायजम्याला पुसला, माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "बाई, नव्या घरात गेलीस की आधी धूर कुठून जातो ते बघ."

"अण्णा, तिकडं धूर नसतो," मी म्हटलं. नव्या पांढऱ्या कुडत्यावर पाच काळी बोटं घेऊन मी कॅनडात उतरले.

त्याला आता बारा वर्षं झाली. तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इकडे सुखात लोळतो. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला ठाऊक आहे की इथली निम्मी हयात गॅरेजमध्ये गुडघ्यांवर बसून, मोबाइलवर कुणा अनोळखी माणसाचा व्हिडिओ बघत, हातात चुकीचा पाना घेऊन जाते. संभाजीनगरला एक हाक मारली की प्लंबर यायचा, सोबत सल्ले द्यायला चार जण यायचे. इथे प्लंबरची तारीख मिळते ती पुढच्या महिन्याची.

आमच्या घरात भिंतीतली शेकोटी होती. घर घेताना मी त्याच दिमाखावर भाळले होते. आई गेल्यानंतर अण्णा एकटे पडले, दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यात मी त्यांना हट्टाने बोलावून घेतलं. घरात पाऊल टाकताच त्यांनी शेकोटीच्या धुराड्यात हात घातला. "ह्यातून तुझ्या घरातली ऊब वर चालली," म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. मग जानेवारीत बर्फाच्या पावसाने तारा तुटल्या आणि दोन दिवस वीज नव्हती. शेकोटी पेटवली तर घर आणखीच गार पडलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आम्ही गाडीत बसवून, गाडीचा हीटर लावून ऊब दिली. ते ठरल्यापेक्षा दीड महिना आधी परत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "तुझं घर लई चांगलंय. पण वीज गेली की माणूस गेला. अन् इथं मला काम काय?"

हे मला लागलं. तिकडे एकटे, बंद पडत चाललेल्या दुकानात दिवसभर बसणार, आणि मी इथे. पुढच्या हिवाळ्याच्या आत घर खऱ्या विस्तवाने तापवून दाखवायचं आणि त्यांना परत आणायचं, असं मी ठरवलं.

जुन्या शेकोटीच्या खोबणीत बसवायची एक लोखंडी भट्टी असते, तिला इथे इन्सर्ट म्हणतात. पुढे काचेचं दार, आत जाळ, बाहेरून दुहेरी पत्रा. एका म्हाताऱ्या शेतकरीणबाईच्या कोठारात तसली एक पडून होती; कुणी उचलून नेत असेल तर न्या, म्हणाली. नेली! चार माणसांची कंबर मोडली तेव्हा ती गॅरेजमध्ये आली. आत उंदरांचं घरटं, काच डांबरासारखी काळी, विटा तडकलेल्या, दाराच्या कडेने धूर अडवणारी दोरी कुजलेली. माहितीपुस्तक? ते बाईच्या नवऱ्याबरोबरच गेलं होतं म्हणे. माझा नवरा संदीप गंगापूरचा, उसाच्या घरचा. त्याने भट्टीभोवती एक फेरी मारली, "हे भंगारात घाल," म्हणाला आणि चहा करायला गेला.

मग मी आणि तारेचा ब्रश. उन्हाळाभर खरवडलं. तोंडाला फडकं, नखात काजळी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये हात टेबलाखाली. जिच्यापासून पळून सातासमुद्रापार आले ती काजळी मी स्वतः दारात आणून ठेवली होती. दर रविवारी सकाळी अण्णा व्हिडिओवर यायचे. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. "जाळी उलटी बसवली तू." "घासतीस का कुरवाळतीस?" "मोबाइल हलवू नको, मला गरगरतंय." मी दात-ओठ खायचे. पण रविवारी ते फोन लागायच्या आधीच चष्मा लावून बसलेले असत, हे मी पाहत होते.

सप्टेंबरमध्ये भट्टी खोबणीत बसली. चिमणीवाल्याने जुन्या धुराड्यातून धुरासाठी नवा नळ सोडला. भट्टी पास करणारा सरकारी तपासनीस येण्याआधी छोटासा जाळ करून बघू म्हटलं. अण्णांनी मोबाइलमधून दुहेरी पत्रा पाहिला, वरची फट पाहिली आणि म्हणाले, "पाणी भरलं का?"

पाणी भरल्याशिवाय जाळ करायचा नाही. बंबवाल्याच्या घरात हे वाक्य मी अंगाईसारखं ऐकत वाढले. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. पाणी नसेल तर सांधे वितळून बंब कामातून जातो. या भट्टीलाही भोवती पोकळी होतीच. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माझ्या मनात एक क्षणही शंका आली नाही. मी बादली आणली आणि ओतली. भरली नाही म्हणून दुसरी ओतली.

ती पोकळी हवेसाठी होती. खालच्या पंख्याने गार हवा ओढायची, पत्र्याभोवती तापवून वरच्या फटीतून खोलीत सोडायची. दोन बादल्या पाणी पंख्यातून आणि मागच्या बाजूने बाहेर आलं, लाकडी फरशीखाली गेलं. पंखा जळाला, घरभर फ्यूज उडाले. संदीप पायऱ्यांवर उभा राहून हसत होता, तो वेगळाच.

पाणी ओतलं मी, पण ओरडले त्यांच्यावर. "अण्णा, हा बंब नाही! तुमचा बंबांचा जमाना संपला, बंद करा आता ते दुकान!"

"बरं," ते म्हणाले आणि स्क्रीन काळी झाली.

पुढचा रविवार कोरडा गेला. त्यापुढचाही. मी फोन करायचे, ते उचलायचे नाहीत. मला स्वतःचा इतका राग आला होता की फुगलेल्या फळ्यांकडे बघवत नव्हतं. ज्या माणसाला काम नाही म्हणून आणायचं होतं, त्याच्या हातात होतं तेवढंही काम मी काढून घेतलं होतं. शेवटी फोन आला तो अण्णांच्या दुकानाशेजारी पेट्या बनवणाऱ्या शेखचाचांचा.

"बेटी, मास्टर सटक गये क्या की," ते कुजबुजत होते. "तीन दिन से दुकान में बैठ के बंब जला रहे. सूखा! पानी नक्को बोलते."

ज्याने आयुष्यात एकदाही कोरडा बंब पेटवला नाही, कुणी पेटवला तर चारचौघांत झाडायचा, तो माणूस. तासाभराने अण्णांचाच व्हिडिओ-फोन आला. पुढ्यात एक बंब होता. त्याच्या बाहेरच्या पत्र्याला खाली चार आणि वर चार भोकं पाडलेली, सांधे सुटून तो एका अंगाला कललेला.

"हे बघ," त्यांनी वरच्या भोकावर तळहात धरला. "खालून गार वारा घेतो, वरून गरम सोडतो. पाण्याच्या जागी वारा हाये तुझ्या भट्टीत. आधी सांगायला काय झालतं?"

"अण्णा, बंब गेला की तो."

"गेला. त्याबिगर कळलं असतं व्हय?"

"कुणाचा होता?"

"घरचाच. दुकानात आता दुसरा हाये कुठं?"

आई दर शनिवारी चिंच लावून घासायची तो बंब. मी "माफ करा" म्हणायच्या आत ते म्हणाले, "रडू नको. दारात कागदाची पट्टी धरून दार लाव. सहज निघाली तर दोरी ढिली बसली तुझी."

लावून पाहिली. पट्टी सहज निघाली. दोरी ढिलीच होती. मी पुन्हा चरफडत बसवली, पंखा नवा घातला. तपासनीस आला, त्याने सगळीकडे बॅटरी मारली, सही केली. नोव्हेंबरात अण्णा आले. मी तिकिटासाठी मनधरणीचं भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी आपणहूनच विचारलं होतं, थंडी कधी सुरू होते तिकडं.

आता ते रोज माझा जीव खातात. लाकूड ओलं आणलं, राख जास्त काढली, संदीपला फोडता येत नाही. फुगलेल्या फळ्या आम्ही बदलल्या नाहीत. अण्णांनी आपली खुर्ची नेमकी त्यांच्यावर ठेवली आहे, आणि ते हलले की त्या करकरतात. व्हिसा सहा महिन्यांचा आहे. त्यानंतरचं काय, हे आम्ही दोघंही बोलत नाही. पण कुणाकडे जेवायला गेलं की हल्ली मीही दारातूनच वर बघते, यांचा धूर कुठून जातो ते. घर मला आता तिथूनच कळतं.

काल सकाळी बाहेर बर्फ पडत होतं आणि शेखचाचांचा फोन आला. आवाज मोठा होता, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "मास्टर, किदर है?"

अण्णांनी भट्टीचं दार किलकिलं करून आत एक ढलपी सारली, कागदाची पट्टीही निघणार नाही असं घट्ट बंद केलं.

"घरीच हाये की," ते म्हणाले. "जाळ करतोय."