दादाराव मिस्त्रींची शेवटची तिफण

पर्यटनाविषयी अस्मादिकांचा सिद्धान्त असा की, जेथे पाहण्यासारखे काहीच नाही असे सर्वजण एकमुखाने सांगतात, तेथे अवश्य जावे. निदान गर्दी तरी नसते. मात्र परवाच्या आसेगाव-गमनाचे श्रेय या सिद्धान्ताला नाही. वनिताचा फोन आला होता. "सर, बुवा गेले. आठ दिवस झाले."

बुवा म्हणजे तिचे वडील, गावचे सुतार दादाराव मिस्त्री. आसेगावच्या शाळेत मी सहा वर्षे संस्कृत शिकवीत होतो (विद्यार्थी शिकत होते, असा माझा दावा नाही), तेव्हा आमची भिंत एक होती.

अकोल्याहून सूर्योदयाबरोबर आपल्या गाडीने प्रस्थान ठेवावे. मंगरूळपीरपर्यंत रस्ता सुशील आहे. पुढे त्याचे चारित्र्य ढासळते. पोहरादेवीही पाहणार असाल तर यात्रेचे दिवस टाळा, अन्यथा देवीपेक्षा वाहनांचेच दर्शन अधिक घडते. मंगरूळपीरच्या बसस्टँडाबाहेर तर्रीपोहे तीस रुपये, चहा दहा. तर्री (तिखटजाळ रस्सा) मागताना "थोडी" म्हणावे. मी "यथेच्छ" म्हणालो. परिणामी आसेगावात शिरलो तेव्हा नेत्र आरक्त आणि नासिका सजल होती, आणि पारावरच्या मंडळींनी माझ्या शोकाची मनोमन प्रशंसा केली.

दादाराव महानुभाव पंथाचे उपदेशी, म्हणजे दीक्षा घेतलेले गृहस्थ, होते. भेटताना "दंडवत प्रणाम", निघतानाही "दंडवत प्रणाम". मधले संभाषण बहुधा रंध्याचेच. हिंसेला साहाय्य होईल अशी वस्तू ते घडवीत नसत. मी एकदा उंदरांसाठी पिंजरा मागितला. ते म्हणाले, "त्याले धरन्यापेक्षा तुमचं दार नीट करू ना, सर." आणि दाराखाली अशी पट्टी ठोकली की, उंदीरच काय, वाराही अनुज्ञा घेऊन येऊ लागला. कोणी देव्हारा करायला सांगितला तर, पंथाला अन्य देवतांची पूजा मान्य नसल्याने, तेवढ्याच नम्रतेने नकार. आपल्या कामावर नाव कधी घातले नाही.

मृत्यूही त्यांनी तसाच आटोपशीर केला. दुपारी लाकूड तासायची वाकस खुंटीला अडकवली, पाणी प्याले, आडवे झाले. पंथाच्या रीतीने, दहन न करता, त्यांना भूमी दिली. बँड नाही, भाषण नाही. मी खिशातून दोन पानांची श्रद्धांजली नेली होती. तीत 'निर्दोष शिल्पी' हा शब्द तीनदा होता.

वनिता पंधरा वर्षे वडिलांच्या बरोबरीने लाकूड घडवते आहे. तिच्या हातची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा सेवून मी तृप्तीचा उद्गार काढला. ती मात्र जेवलीच नाही.

"दोघं जन दुरुस्तीले आनलेले वखर तसेच वापस घेऊन गेले, सर. म्हनतात, मिस्त्रीच नाई त आता कायले ठेवाचे."

"आणि तू कोण?"

"मी मिस्त्रीची पोरगी."

त्या दिवशी तिला एक काम उरले होते. दादारावांचा नियम असा की, नवी तिफण, म्हणजे तीन नळ्यांचे पेरणीचे अवजार, दिली की पेरा उगवल्यावर स्वतः शेतात जाऊन पाहायचे. तिन्ही ओळी सारख्या दाट असल्या तर तिफण शेतकऱ्याची. नसल्या तर ती परत आणून सुधारायची. शेवटची तिफण त्यांनी मृत्यूच्या चार दिवस आधी गावचे शेतकरी उत्तमराव यांना दिली होती. हरभरा आता उगवला होता.

"बुवाचं पाहनं राहिलं," वनिता म्हणाली. "मी पाहून येतो. चालता का?"

उत्तमराव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे होते. गोणपाटावर तिफण ठेवलेली, तिच्या मधोमधच्या तीन भोकांच्या वाडग्याला, म्हणजे बी सोडायच्या चाड्याला, चक्क हार घातलेला. मी कौतुकाने खिशातील कागद चाचपला. वनिता वाकून ओळी पाहत शेताच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"काका, तिसरी ओय पातय आहे." तिसरी ओळ खरोखरच विरळ दिसत होती.

"पाखरं खातात ना, बाई."

"पाखरं काय तिसरीच ओय मोजून खातात?"

तिने तीन नळ्यांखाली तीन पेले ठेवायला लावले. एक पेला धरून, एका गुडघ्यावर, प्रस्तुत लेखक. चाड्यात ती मुठीमागून मूठ हरभरा सोडत गेली. दोन पेले काठोकाठ भरले; माझा अर्धाच. तिने चाडे उलटे करून उजेडात धरले. तिसरे भोक तिरके पडले होते.

"बुवाचा हात चुकला," ती म्हणाली. तिरक्या कडेवरून तिने एकदा बोट फिरवले.

उत्तमराव भडकले. "मेल्या मानसाची चूक काहाडून राह्यली? गावात सांगशीन त लोक तुयाच हातचं काम समजतीन! राहू दे. मले चालते. आठवन म्हनून ठेवतो."

ते खरेच बोलत होते. ती गप्प राहिली असती तर वडिलांची कीर्ती अखंड राहिली असती, आणि तिचे उरलेसुरले गिऱ्हाईकही.

"आठवनीनं हरभरा उगवत नाई, काका," वनिता म्हणाली. तिने हार काढला, नीट घडी करून उत्तमरावांच्या हाती दिला. "बुवा असते त त्यायनं नेलीच असती. मी नेतो."

मग तिसऱ्या ओळीत जेथे जेथे नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा, पडल्या होत्या तेथे आम्ही हाताने दाणे टोबले. अस्मादिकांच्या कटीचे वर्णन येथे अनावश्यक आहे. तिफण माझ्या चतुश्चक्रीच्या टपावर बांधली. गाडीला एवढा सन्मान प्रथमच लाभत होता. उत्तमराव दोर आवळू लागले, पण त्यांनी वनिताकडे पाहिले नाही. मी श्रद्धांजली वाचली नाही. 'निर्दोष' हा शब्द गैरसोयीचा झाला होता, आणि त्याहून मोठा मला सुचत नव्हता.

घरी परतून पाठीला शेक घेत हा वृत्तान्त लिहीत आहे. आसेगावात जाऊन काय पाहावे, हे विचारणाऱ्यांना मी एक अर्धा पेला सांगेन. दादारावांविषयी इतकी वर्षे माझा समज होता की, त्यांचे काम चुकत नाही. ते चुकत असे. म्हणूनच ते पाहायला जात.

लिहिता लिहिता काल वनिताचा फोन आला.

"सर, नवं चाडं बसवलं. उत्तमकाका आज तिफन घेऊन गेले, उरलेल्या वावरात पेराले. वखरवाले दोघंई त्यायच्या संगंच आले होते. अन् जाताना काका म्हने, 'मिस्त्री, उगवलं का याजा पाहाले.'"

"मिस्त्री म्हणाले?"

"हो ना. अन् मी मांगं वयून पाह्यलं. म्हटलं, बुवा आले का काय."