चुडा भरला त्या दुपारी

धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिचा ताप एकदाचा उतरला. आईनं देवापुढं साखर ठेवली. मी लगेच कासारणीला बोलावणं धाडलं. बहीण मात्र भिंतीला टेकून बसलेली. पोट दुखतंय म्हणाली, उलटीही झाली.

"सासरची धास्ती आतापासनंच घेतलीस व्हय गं?" मी चिडवलं. ताप नाही म्हणजे आजार नाही, एवढंच मला ठाऊक.

कासारणीनं हात दाबून, चोळून हिरव्या बांगड्या चढवल्या. थोड्या वेळानं बघते तर दाबल्या जागी बारीक लाल ठिपके! माझं डोकंच फिरलं. "आवं मावशी, नवरीचा हात हाय का लाकूड?"

"रोजच्यावाणीच भरला की गं," ती बिचारी आपलेच तळवे बघत राहिली.

मग मेंदीसाठी बहिणीचे पाय पुढं घेतले, तर पावलांवरही तेच ठिपके. पायांना तर कोणी हात लावला नव्हता. बोटानं दाबले तरी पुसट होईनात. आणि पाय गार, घामानं चिकट. मला काही उमजेना. आई म्हणाली उष्णता, चुलती म्हणाली नजर. मला दोन्ही खरं वाटलं आणि दोन्ही खोटं. तेवढ्यात बहिणीनं चूळ भरली, ती लाल पडली. तेव्हा मात्र मी घाबरले.

तिला साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "डेंग्यू आहे. ताप उतरतो तेव्हाच खरं जपावं लागतं." मी मान हलवली, पण डोक्यात शिरेना. ज्या दिवशी आम्ही साखर ठेवली, तोच दिवस वाईट कसा?

सलाईन लावायला हात धरला तर तो सुजलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या. ओढून निघेनात. नर्स म्हणाली, "फोडाव्या लागतील."

"लगीन लागायच्या आत चुडा फोडायचा?" आई खाटेपुढं आडवी आली. मला आईचा राग आला आणि तिचंच खरंही वाटलं. कोणाला धरावं, कोणाला सोडावं?

बहिणीनं डोळे उघडले, आईकडं पाहिलं, पण तिला ओळख पटली नाही. "ह्या कोण?" तिनं मला विचारलं.

आई बाजूला सरली. पदराची घडी करून तिनं लेकीच्या मनगटाखाली सारली.

"फोड बाई," ती नर्सला म्हणाली. "चुडा पुन्यांदा भरता येतोय."