जळालेल्या गावचा हेर

पुनावळ्यात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो, ते अण्णा कंपनीतून निवृत्त झालेले. नोकरीत असताना कामगार वाचनालयातून आणलेली एक जुनी हेरकादंबरी त्यांनी कितीदा तरी वाचलेली. यंदा तिच्यावर मालिका आली, परदेशी पण हिंदीत बोलणारी, तेव्हा त्यांनी मलाही खाली बोलावलं. पहिली शिफ्ट असली की मी जेवणाच्या वेळी जाऊन बसायचो. काकू ताट वाढायच्या. घरापासून इतक्या लांब कुणीतरी आग्रहाने वाढतंय, यानेच मला भरून यायचं.

माझ्या मनात भीती शिरली ती मालिकेच्या एका भागामुळे. मालिकेतला हेर म्हाताऱ्या जोडप्याकडे भाडेकरू असतो. सभ्य, वेळेवर भाडं देणारा. आपलं म्हणून तो असं गाव सांगतो, जे लढाईत जळून गेलंय. चौकशीला कुणी गेलंच, तर विचारणार कुणाला? अण्णांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, खरी गोम इथंच हाय, पुस्तकात तर हे अजून भारी हाय.

मी हातातला घास परत ताटात ठेवला. माझं गाव धरणात गेलंय. सातवीत होतो तेव्हा शाळेत पाणी आलं. नव्या गावठाणात शाळा सुरू होईपर्यंत मी कामाला लागलो होतो. अण्णांना मी नव्या गावाचं नाव सांगितलं होतं, कारण एसटी तिथंच थांबते. आधार कार्डावर मात्र अजून जुनंच. चाकणच्या आधीच्या घरमालकाने गावाची दोन वेगळी नावं बघितली आणि दुसरी खोली बघ म्हणाला. म्हणून पोलीस पडताळणीसाठी अण्णांनी कार्ड मागितलं, की मी देतो, देतो करत टाळायचो.

काकू हसत म्हणाल्या, "आपला बी तसाच हाय की. ना दोस्त, ना पावणा. आन् कार्ड मागितलं की पळतोय."

थट्टाच होती. पण अण्णा हसले नाहीत. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावरची माणसं नुसतीच तोंडं हलवत राहिली.

"कार्ड का देत न्हाईस रं?"

खोटं सुचलं असतं तर बोललोही असतो. वर गेलो, कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं.

"हे गाव पाण्यात आहे, अण्णा. तिथं आता कुणीच नाही."

त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. धरण कुठलं, आई कुठे राहते, नवं गाव किती लांब, सगळं विचारलं. मी पटापट सांगत गेलो, आणि सांगता सांगता अंगावर काटा आला. त्या हेराकडेही सगळी उत्तरं अशीच तयार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा मला गाडीवर बसवून चौकीत घेऊन गेले. हवालदाराने गावाची दोन्ही नावं बघितली, मग मला बघितलं. याला तुम्ही ओळखता का, असं त्याने अण्णांना विचारलं.

"वळखतो की. आमच्यात जेवतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी सही केली.

खोली राहिली. देवासारखा माणूस भेटला, असं आई फोनवर म्हणते. भेटला खरा. पण चार महिन्यांच्या ओळखीवर त्यांनी माझी हमी घेतलीय. माझ्यावरून उद्या काही झालं, तर पोलीस आधी त्यांच्या दारात जातील. आता चौकात नुसती बाचाबाची दिसली, तरी मी लांबच्या गल्लीने घरी येतो.