उसवायची शिवण

विजयमाला सरवदेच्या हातची शिवण उसवत नाही, असं बुधवार पेठेत सगळ्याच जणी सांगायच्या. कितीतरी वर्षं तिनं शाळेचे गणवेश शिवले. पोरं एकमेकांच्या कॉलरी धरून लोळायची, पण टाका जागचा हलायचा नाही. पुढं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिला मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायचं काम लागलं. तिथं तिला पहिल्यांदाच उसवण्यासाठी शिवायला शिकवलं.

सीटच्या दाराकडच्या कडेला, कव्हरच्या आत, एअरबॅग घडी करून बसवतात. तेवढी शिवण मुद्दाम कच्च्या धाग्याची. गाडीला बाजूनं धडक बसली की ती फाटायची आणि एअरबॅगची पिशवी फुगून बाहेर यायची. शिवताना धागा तुटला तर ते कव्हर बाद. सुपरवायझर ईरप्पा हे येता-जाता बजावायचा आणि विजयमाला मान डोलवायची. असं का, हे मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

एके दुपारी जेवण झाल्यावर इंजिनिअर सिद्धांतनं सगळ्या बायकांना कॅन्टीनमध्येच धडक चाचणीची फिल्म दाखवली. एक गाडी आडवी सरकत येऊन लोखंडी खांबावर आदळत होती. आत माणसाएवढा बाहुला, पट्टा लावून बसवलेला. त्याच्या गालाला रंग फासला होता.

"रंग कशाला ओ?" कुणीतरी विचारलं.

"डोकं कुठं आपटलं ते कळायला. जिथं आपटेल तिथं रंग लागतो. आणि छातीत लोखंडी बरगड्या आहेत, त्या किती दबल्या ते मोजतात."

"पण पट्टा लावलाय की त्यानं," विजयमाला म्हणाली.

"पट्टा सीटवर धरून ठेवतो, ताई. बाहेर फेकू देत नाही. पण समोरून धडक बसली तर मधे इंजिन असतं, चेपायला जागा असते. बाजूला काय आहे? दाराचा पत्रा, आणि लगेच तुम्ही. दारच आत आलं तर पट्टा काय करणार? पापणी लवायच्या आत मधे पिशवी आली पाहिजे."

मग त्यानं एका फसलेल्या चाचणीची फिल्म लावली. सीटमधली पिशवी शिवणीतच अडकली. बाहुल्याचं डोकं छताकडून पडद्यासारख्या उतरलेल्या दुसऱ्या पिशवीत गेलं, पण छातीपाशी काहीच आलं नाही. दार सरळ बरगड्यांत घुसलं. बाहुला ओरडला नाही. समोर बघत तसाच कलंडला.

विजयमालाला आपलं मशीन आठवलं. सकाळी तिचा धागा तुटला होता. हाताला सवय, म्हणून दोन बोटं मागं येऊन तिनं त्याच शिवणीवरून पुन्हा मशीन चालवली होती. दुहेरी टाका. चांगला घट्ट! आणि ते कव्हर ट्रॉलीतून पुढं गेलं होतं.

बाकीच्या चहाला उठल्या. ती बसूनच राहिली. सांगितलं तर कामावरून काढतील. नाही सांगितलं तर? तिच्या डोळ्यांपुढं कुणाचीतरी गाडी आली. दाराला टेकून, काचेला गाल लावून कुणीतरी झोपलेलं. बघता बघता त्या झोपलेल्या माणसाला तिच्या लेकीचा, साक्षीचा चेहरा आला.

ती धडपडत ईरप्पाकडं गेली. "अण्णा, एक कव्हर माझ्या हातनं चुकलंय. वरनं दुहेरी शिवलंय."

"कुटलं?"

"कसं सांगू? सकाळचं हाय."

ईरप्पाचं तोंड उतरलं. "अगं, सकाळचा माल गाडीत चढतोय!" म्हणत तो फाटकाकडं पळाला.

चढवलेली खोकी खाली उतरली. विजयमाला एकेक कव्हर उलटं करून शिवणीवरून बोट फिरवू लागली. घामानं बोट घसरायचं, मग तेच कव्हर पुन्हा बघायचं. सापडलंच नाही तर? आधीच कुठं निघून गेलं असेल तर? अर्धी खोकी रिकामी झाली तेव्हा बोटाखाली दोन ओळी लागल्या. ती तिथंच फरशीवर बसली.

सिद्धांतनं ते कव्हर एका सीटवर चढवलं, जाळीच्या खोलीत ठेवलं आणि पिशवी उडवली. धाडकन आवाज झाला, धूर झाला. विजयमालानं कानांवर हात दाबले.

"उघडली की!" ईरप्पा म्हणाला.

सिद्धांतनं त्याचीच फिल्म सावकाश फिरवून दाखवली. दुहेरी टाक्यापाशी पिशवी तटून फुगली होती आणि मग भलतीकडूनच बाहेर आली होती. "उघडली. पण तोवर दार आत आलेलं असतं."

तिला कामावरून काढलं नाही. ईरप्पा चार माणसांत वाट्टेल तसं बोलला, ते तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. सुटी झाल्यावर ती कंपनीच्या बसमध्ये नेहमीसारखी खिडकीपाशी बसली. हायवेच्या चौकात आडव्या रस्त्यानं एक टँकर आला आणि ब्रेक दाबून थांबला. चांगला लांब थांबला. तरी ती ताडकन उठली आणि घर येईपर्यंत मधल्या वाटेत दांडा धरून उभी राहिली.

साक्षी क्लासहून आल्या आल्या तिनं विचारलं, "रिक्षात तू कुटं बसतीस गं?"

"कडेला. का?"

"उद्यापास्नं मधी बसायचं."

साक्षी हसली. "आई, सगळ्याच पोरी मधी कशा बसतील?"

 विजयमालानं लेकीला जवळ ओढलं. तिच्या काखेखाली, बरगड्यांवर तळहात दाबून धरला.