नटवाले मिस्त्री

नटवाले मिस्त्री भिंतीला हात लावण्याआधी कान लावत. पान्याच्या मुठीनं टकटक करायची, डोळे मिटायचे, दोन पावलं सरकायचं, पुन्हा टकटक. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि बाबांना सांगितलं, "पाडू नका साहेब. पोट आलं हाय, पन जीव हाय तिच्यात."

आमचं घर लोहाऱ्याकडच्या उतारावर आहे. मागची भिंत वरच्या प्लॉटची काळी माती अडवून उभी होती. दर पावसाळ्यात माती फुगायची आणि भिंतीला आमच्या अंगणात ढकलायची. बाकीचे मिस्त्री नवी बांधा म्हणायचे. हे भिंतीला आरपार भोक पाडून लोखंडी सळई घालत आणि तिचं टोक वरच्या बाजूला, सात-आठ हात मागे, मातीत पुरलेल्या जाड लोखंडी पाटाला जोडत. आमच्या बाजूला एक चौकोनी प्लेट आणि नट. नट आवळला की भिंत मागे ओढली जायची.

पण आवळायचा फक्त पाव फेरा. मग पंधरा दिवस नुसतं बघायचं. तेवढ्या पाव फेऱ्यासाठी ते सायकलवर येत. बाबांना घाई. "आलाच आहात तर एक पूर्ण फेरा द्या की."

"पंधरा वर्सं झुकत आली ते, साहेब. एका दिवसात सरळ करतो म्हनलं तं मोडन ना जी."

मी तेव्हा इंग्रजी शाळेतून नुकतीच दहावी झाले होते. मिस्त्री काही विचारायचे आणि मी मान हलवायचे. "हे पोरगी बोलत काहून नाही?" ते आईला म्हणायचे. "इंग्रजीत राग आला का माह्यावर?" मला हसू यायचं आणि मी आत पळायचे.

भिंतीच्या तळाशी त्यांनी पाणी जायला पाइपाचे तुकडे बसवले होते. ते बुजू नयेत म्हणून मला मुद्दाम बोलावून दाखवले. "तिले मुतू द्या, पोरी. अडवलं का पोट फुगलंच." माझे कान तापले. आमच्या शाळेत असं कुणी बोलत नसे.

जुलैत कॉलेजच्या नव्या मैत्रिणी घरी येणार होत्या. पाइपांखाली भिंतीच्या पांढऱ्या रंगावर तपकिरी ओघळ उतरले होते, आणि ते दिसले की मला तोच शब्द आठवे. मी शाळेचे जुने मोजे कापले, तुकडे पाइपांत कोंबले, वरून पांढरं सिमेंट लावलं. मैत्रिणी आल्या, अंगणात फोटो काढून गेल्या. भिंतीकडे कुणी पाहिलंही नाही.

ऑगस्टमध्ये आठ दिवस झड लागली. भिंत पुन्हा फुगली, दोन प्लेटी वाकल्या, मधोमध तडा गेला. मिस्त्री आले तेव्हा शेजारच्या काकू आणि गल्लीतली आणखी दोन घरं अंगणात जमली होती. तिघांच्याही भिंतींचं काम पुढे मिस्त्रींकडेच ठरलेलं. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "काम कच्चं केलंत तुम्ही," आणि काकूंकडे वळून तडा दाखवू लागले.

मिस्त्रींनी कान लावला नाही. ते उकिडवे बसले, पान्याच्या टोकानं सिमेंट खरवडलं, बोटानं ओढलं. निळ्या पट्टीचा मोजा बाहेर आला आणि मागून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली. त्यांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. तुकडा नुसता वर धरला असता तरी पुरे होतं. त्यांनी तो खिशात घातला.

"पाइप बारीक पडला, साहेब. चूक माही हाय."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही.

दहा दिवस खपून त्यांनी आमची भिंत पुन्हा धरली. त्या तिघांनी मात्र दुसरा माणूस बोलावला. त्यानंतर आमच्या गल्लीत ते कधी कामाला दिसले नाहीत. शेवटच्या दिवशी पान्याला तेल लावताना ते हळूच म्हणाले, "हरसाल साफ करत जाय, बेटा." मी नेहमीसारखी मान हलवली.

गेल्या महिन्यात हार्डवेअरच्या दुकानात कळलं की ते उमरखेडला लेकीकडे असताना वारले. घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आता बाहेर कुठे बोलू नकोस."

मी काकूंकडे गेले. नाव काढताच त्या म्हणाल्या, "तो होय? कच्च्या कामाचा?"

"नाही काकू. भोकं मी बुजवली होती. त्यांचं काम पक्कं होतं."

काकू हसल्या. "एवढंच होय! अगं, लहान होतीस तू. बस, चहा टाकते."

मी उभीच राहायला हवं होतं. मी बसले, आणि चहा घेतला.