पासबुकातली पेन्सिल

दादरला एका वकीलबाईंच्या ऑफिसात मी बावीस वर्षं कारकून आहे. केस संपली की फाइल पक्षकार घेऊन जातो, किस्सा मात्र आमच्याकडेच राहतो. त्यातून मुलांच्या पोटगीची केस असली की विचारूच नका. पैसे देणारे देतात हो, पण दिल्याचा पुरावा ठेवायचा म्हटलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते.

लालबागच्या सावंतांचंच घ्या. नवरा-बायको चार वर्षं वेगळे राहतात, मुलगी आईकडे. कोर्टाने पोटगी ठरवून चौदा महिने झाले होते आणि सावंत दर महिन्याला बँकेच्या मशीनमधून बायकोच्या खात्यात रोख भरायचे. मॅडमनी बजावलं होतं, स्लिपा जपा. त्यांनी त्या इतक्या जपल्या की चौदाच्या चौदा लॅमिनेट करून आणल्या. तो कागद गरम झाला की काळा पडतो. टेबलावर चौदा काळ्याकुट्ट पट्ट्या!

"पाणी लागू नये म्हणून केलं," सावंत म्हणाले.

"पाणी नाही लागलं," मॅडम म्हणाल्या.

हसण्यासारखं होतं, पण हसायची सोय नव्हती. बायकोच्या भावाने तिच्याकडून अर्ज करवला होता की पोटगी मिळालीच नाही, आणि खात्यात दिसते ती रोकड भावानेच भरलेली आहे. बँकेच्या कागदावर नुसतं 'कॅश', भरणाऱ्याचं नाव नाही. सिद्ध झालं नाही तर चौदा महिन्यांचे पैसे पुन्हा भरा, नाहीतर तुरुंग. सावंत रोज कामावरून सुटले की आमच्या बाकावर येऊन बसायचे. त्यांचा जीव रमावा म्हणून मी जुने किस्से सांगायची.

* * *

शिवाजी पार्कचे एक साहेब पाकीट सासऱ्यांच्या हातात द्यायचे. पावती मागा म्हटलं तर म्हणाले, "सासऱ्यांकडे पावती? बरं दिसतं का ते?" शेवटी निदान फोटो काढायला कबूल झाले. दर महिन्याला तोच सोफा, तेच पाकीट, सासरे हसतायत. समोरच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं, हा तर सासऱ्यांचा सत्कार दिसतो.

* * *

गिरगावातले एकजण मोबाइलवरून पैसे पाठवायचे. पैसे कशाचे ते शेऱ्यात लिहीत जा, असं मॅडमनी सांगितलं. वर्षभराने प्रिंट काढली. एका महिन्यात 'वकिलांनी सांगितलं म्हणून', बाकी अकरा महिने बायकोच्या माहेराविषयी असं काही की मी वाचता वाचता थांबले. आता हे कोर्टात दाखवायचं की लपवायचं, असं गृहस्थ विचारायला लागले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "दाखवू की. पैसे दिल्याचा पुरावा आहे, आणि बायको का गेली त्याचाही."

* * *

परळच्या एक बाई पैसे आले की मेसेजमध्ये नुसता अंगठा पाठवायच्या. पुढे भांडण झालं, तेव्हा म्हणाल्या, अंगठा म्हणजे मेसेज वाचला एवढंच, पैसे मिळाले असं नाही. आम्ही नवऱ्याच्या बाजूने होतो. यावर मॅडमचा युक्तिवाद एका वाक्याचा होता: आमच्या आजोबांच्या काळापासून पैसे मिळाल्याचा अंगठाच देतात.

सावंतांना यातल्या एकावरही हसू आलं नाही. त्यांचा एकच प्रश्न असायचा, मला आत टाकलं तर मुलीला काय सांगतील?

* * *

तारीख उजाडली. जजसाहेबांनी आमच्या काळ्या पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या नि बाजूला ठेवल्या. मग सावंतांच्या बायकोला पिंजऱ्यात बोलावलं आणि तिचं मूळ पासबुक मागितलं. तिच्या वकिलाने आजवर बँकेचा छापील उताराच दिला होता. पासबुक आहे हे त्यालाही ठाऊक नसावं. बाईंनी पर्समधून काढून दिलं.

रोख जमेच्या चौदाही नोंदींसमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला होता. 'ह्यांचे.'

"हे अक्षर तुमचं?"

बाईंनी मान डोलावली. मागे भाऊ उठून उभा राहिला होता.

"ह्यांचे म्हणजे कोणाचे? नाव सांगा, लिहून घ्यायचंय."

बाईंनी भावाकडे पाहिलं नाही. मान खाली घालूनच सावंतांकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "ह्यांचेच."